जपानच्या बेतात शहरे कमी, मुक्काम जास्त ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटी जवळ आली की आपल्या दैनिकाच्या मराठवाडा आवृत्तीत परदेश सहलींच्या जाहिराती वाढतात. दुबई, थायलंडच्या जोडीला आता जपानही ठळक दिसू लागले आहे. ‘आठ दिवसांत सहा शहरे’ असा मथळा, खाली फुजी पर्वताचा फोटो. संभाजीनगर, लातूर, नांदेडहून स्वतःच तिकिटे काढून जाणारी कुटुंबेही बेत याच साच्यात आखतात: टोकियो, हाकोने, नागोया, क्योतो, ओसाका, हिरोशिमा आणि पुन्हा टोकियो. खर्च माणशी काही लाखांत जातो आणि बहुतेकांचे जाणे एकदाच होते. बेत आखतानाच थोडा विचार झाला तर पैसाही वाचेल आणि पाहणेही होईल, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट, हॉटेल बदलले की अर्धा दिवस गेला असे धरावे. जपानमध्ये खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि पुढच्या हॉटेलात दुपारी तीनच्या आधी ती सहसा हातात येत नाही. मधल्या वेळेत सामान ठेवण्याची जागा शोधा, गाडी पकडा, नव्या शहरातले स्टेशन समजून घ्या. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनाला दोनशेच्या वर दरवाजे आहेत. चुकीच्या दरवाजाने बाहेर पडले तर हॉटेल समोरच्या अंगाला असूनही पंधरा-वीस मिनिटांची पायपीट होते. आठ दिवसांत पाच वेळा मुक्काम हलवला तर अडीच दिवस यातच संपले. म्हणून आठ पूर्ण दिवस असतील तर दोनच मुक्काम करावेत: चार रात्री टोकियो आणि चार रात्री ओसाका किंवा क्योतो.

दुसऱ्या मुक्कामासाठी एवढेच शहर पुरते, कारण तो सगळा पट्टाच दाटीचा आहे. ओसाकाहून क्योतो साध्या जलद गाडीने अर्ध्या तासावर, नारा पाऊण तासावर, कोबे त्याहून जवळ, हिमेजीचा किल्ला तासाभरावर. भाडेही मोठे नाही. ओसाका-क्योतो प्रवास गाडीनुसार चारशे ते सहाशे येनांत होतो. मुले-म्हातारी सोबत असतील तर ओसाका बरे, कारण तिथे खाण्यापिण्याची सोय उशिरापर्यंत असते आणि खोल्याही तुलनेने स्वस्त मिळतात. देवळे पहाटेच पाहायची असतील तरच क्योतोत राहावे.

विमानाचे तिकीट काढतानाच हा बेत पक्का करावा. जायचे टोकियोला आणि परतायचे ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून, असे तिकीट शोधावे. ‘राउंड ट्रिप’ऐवजी ‘मल्टी-सिटी’ निवडले की ते सापडते. भारतातून थेट विमाने टोकियोला आहेत. कान्साईहून परतताना सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलावे लागेल. तरीही हे परवडते, कारण केवळ परतीचे विमान गाठण्यासाठी ओसाकाहून टोकियोला उलटे जायचे म्हणजे माणशी साडेचौदा हजार येन आणि अर्धा दिवस.

आपल्या भागातल्या लोकांना एक जादा काळजी घ्यावी लागते. नांदेड, परभणी, जालन्याहून देवगिरी किंवा नंदिग्रामने मुंबई गाठून त्याच दिवशीचे विमान धरण्याचा मोह टाळावा. रेल्वेचे किंवा संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाहून वेगळे काढलेले विमानाचे तिकीट आणि आंतरराष्ट्रीय तिकीट यांचा एकमेकांशी संबंध नसतो. गाडी चार तास लेट झाली आणि विमान हुकले तर ते पैसे बुडाले. मुंबईत एक रात्र काढण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

आता सगळ्यात मोठा गैरसमज, जेआर पासचा, म्हणजे ठरावीक दिवस जपान रेल्वेच्या (जेआर) गाड्यांनी हवे तितके फिरण्याच्या पासाचा. ‘आधी पास घ्या, मग कुठेही फिरा’ हा सल्ला अजून जुन्या माहितीवरून फिरतो आहे. सात दिवसांचा साधा पास पूर्वी २९,६५० येनांना मिळायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो ५०,००० येन झाला, म्हणजे आपले तीस हजार रुपयांच्या आसपास. टोकियो-क्योतो शिंकान्सेनचे (बुलेट ट्रेनचे) राखीव तिकीट साधारण चौदा हजार येन. वर सांगितल्याप्रमाणे एकाच दिशेने गेलात तर मोठा प्रवास हा एवढाच. त्यात ओसाका-हिरोशिमा जाऊन-येऊन एकवीस हजारांच्या आसपास धरले तरी बेरीज पस्तीस हजार. पास वसूल होत नाही. शिवाय सर्वांत वेगवान ‘नोझोमी’ गाडीला पासावर वेगळे पैसे मोजावे लागतात. हिरोशिमा करायचेच असेल तर जेआर वेस्टचा पाच दिवसांचा कान्साई-हिरोशिमा पास पाहावा; तो बहुधा परवडतो.

शिंकान्सेनचे आरक्षण महिनाभर आधी उघडते. टोकियोहून जाताना साध्या डब्यात ‘ई’ अक्षराची खिडकी मागावी. फुजी उजव्या हाताला येतो आणि गाडी सुटल्यावर साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी दिसतो. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते, उन्हाळ्यात मात्र तो बहुधा ढगातच असतो. फक्त फुजीसाठी जूनमध्ये एक अख्खा दिवस ठेवणे मला तरी पटत नाही.

सामानाचा नियम बहुतेकांना स्टेशनावर गेल्यावर कळतो. बॅगेची लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १६० सेंमीच्या वर गेली तर डब्याच्या शेवटच्या ओळीतली, मागे सामानाची जागा असलेली सीटच आरक्षित करावी लागते. त्याला जादा पैसे नाहीत. पण न करता बॅग आत नेली तर १,००० येन भरावे लागतात. आपल्याकडच्या लग्नाला नेतो त्या मोठ्या बॅगा चाके-मूठ धरून या मापाच्या आसपास जातात, तेव्हा घरीच टेप लावून पाहावा. २५० सेंमीच्या वर काहीच चालत नाही. याहून सोपा मार्ग म्हणजे बॅग हॉटेलच्या काउंटरवरूनच पुढच्या हॉटेलला कुरियरने पाठवणे. या सेवेला तिथे ताक्क्यूबिन म्हणतात. बॅगेमागे दोन-तीन हजार येन पडतात आणि टोकियोहून ओसाकाला ती साधारण दुसऱ्या दिवशी पोचते. एका रात्रीचे कपडे आणि औषधे पाठीवरच्या पिशवीत ठेवायची. गुडघ्याचे दुखणे असलेले आईवडील सोबत असतील तर हा खर्च जरूर करावा, कारण लिफ्ट स्टेशनाच्या प्रत्येक दरवाजाला नसते.

शहरांतर्गत प्रवासासाठी सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून वापरायचे कार्ड घ्यावे. लोकल, मेट्रो, बस, कोपऱ्यावरचे दुकान, सगळीकडे ते चालते. दोन अडचणी मात्र येतात. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये हे कार्ड सहसा चालत नाही, तेव्हा प्लास्टिकचे कार्डच घ्यावे. आणि सुइका टोकियोकडच्या जेआरचे, इकोका ओसाकाकडच्या जेआरचे. वापर दोन्हीकडे होतो, पण ५०० येनची अनामत आणि शिल्लक रक्कम ज्याची त्याच भागात परत मिळते. ओसाकाहून परतणाऱ्यांनी सुइकाचा हिशेब टोकियो सोडण्याआधी मिटवावा. पर्यटकांसाठीच्या ‘वेलकम सुइका’ला अनामत नसते, ते २८ दिवस चालते आणि उरलेले पैसे परत मिळत नाहीत.

टोकियोत दिवसाला एकच बाजू धरावी. पूर्वेला आसाकुसाचे सेन्सो-जी, उएनोची संग्रहालये, अकिहाबारा. पश्चिमेला मेइजी देवस्थान, हाराजुकू, शिबुया, शिंजुकू. सकाळी आसाकुसा, दुपारी शिबुया, संध्याकाळी पुन्हा पूर्वेचा स्कायट्री मनोरा असे आखले की दिवसाचे दोन-अडीच तास लोकलमध्ये जातात. उएनोचे राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी सहसा बंद असते. चौथा दिवस कामाकुराला द्यावा; तासाभराचा रस्ता आणि उघड्यावर बसलेली भव्य कांस्य बुद्धमूर्ती.

क्योतोत सिटी बसवर विसंबू नये. सीझनमध्ये त्या इतक्या भरतात की थांब्यावर चढताच येत नाही, आणि रस्तेही तुंबतात. फुशिमी इनारीला क्योतो स्टेशनाहून रेल्वेने पाच मिनिटे लागतात. हे देवस्थान चोवीस तास उघडे आणि विनामूल्य आहे. सकाळी सहाला पोचलात तर लाल तोरणांच्या त्या वाटेवरून मोकळेपणाने चालता येते. दहा वाजता तिथे फोटोसाठीही थांबता येत नाही. कियोमिझू-देराही सहाला उघडते. आराशियामालाही रेल्वेनेच जावे. बसची गरज पडते ती किंकाकु-जीला, आणि ते नऊला उघडते, पाचला बंद होते. देवळे चार-साडेचार ते पाचच्या सुमारास बंद होतात हे लक्षात घेऊन उलटा हिशेब करावा: सकाळी देवळे, संध्याकाळी बाजार.

मराठवाड्याच्या माणसाने आवर्जून जावे अशी दोन ठिकाणे जाहिरातींत जवळजवळ नसतात. एक, नाराजवळचे होर्यू-जी हे प्राचीन बौद्ध मंदिर. तिथल्या मुख्य मंदिरातल्या भित्तिचित्रांची तुलना अभ्यासक आपल्या अजिंठ्याशी करत आले आहेत. १९४९ च्या आगीत ती होरपळली. त्यानंतर जागेवर प्रतिकृती बसवल्या. अजिंठ्याच्या पद्मपाणीसमोर उभे राहिलेल्याला इथल्या बोधिसत्त्वाच्या डोळ्यांची आणि मानेच्या वळणाची ओळख वेगळी सांगावी लागणार नाही. नारा स्टेशनाहून रेल्वेने बारा मिनिटे आणि पुढे वीस मिनिटे चालत. दुसरे कोयासान, डोंगरावरचे बौद्ध मठांचे गाव. तिथल्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. ओसाकाच्या नाम्बाहून नानकाई रेल्वे आणि शेवटी डोंगरावर नेणारी केबल कार, साधारण दोन तास. त्यासाठी पूर्ण दिवस ठेवावा. जमले तर एक रात्र तिथल्या मठात राहावे. मठातले जेवण पारंपरिक शाकाहारी असते, मासळीचा अंशही नसतो.

शाकाहाराचा प्रश्न इतर ठिकाणी मात्र खरोखर कठीण आहे. नुसत्या भाज्या दिसणाऱ्या सूपमध्ये, नूडल्समध्ये, उकडलेल्या भाजीतसुद्धा ‘दाशी’ नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा वाळवलेल्या माशाचा असतो. ‘मांस नको’ म्हटल्याने मासा टळत नाही. मांस, मासे, अंडी आणि माशाची दाशी चालत नाही, असे जपानीत छापलेले कार्ड सोबत न्यावे आणि मागवण्याआधी दाखवावे. मोठ्या शहरांत भारतीय आणि नेपाळी उपाहारगृहे भरपूर आहेत. रोज रात्रीचे जेवण कोणत्या स्टेशनाजवळ करायचे हे बेतातच लिहून ठेवले तर रात्री नऊला उपाशी भटकावे लागत नाही.

यावर उपाय म्हणून बरेच जण इलेक्ट्रिक कुकर किंवा किटली नेतात. तिचा उपयोग होत नाही. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. २३० व्होल्टसाठी बनवलेली १,००० वॅटची किटली तिथे जेमतेम १९० वॅटवर चालते; पाणी कोमट होते, भात शिजत नाही. पिनही वेगळी, दोन चपट्या पट्ट्यांची. बहुतेक हॉटेलांत खोलीत स्वयंपाक करायला मनाईच असते. मोबाइलचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना फक्त अॅडॉप्टर लागतो. खोलीत पाणी उकळायची किटली बहुधा असते, म्हणून गरम पाणी ओतून होणारे पोहे-उपमा, शेंगदाण्याची चटणी आणि पहिल्या दोन दिवसांपुरते धपाटे न्यावेत. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, बिया आणि कोणताही मांसाचा पदार्थ नेऊ नये. मुलगा तिकडे नोकरीला आहे म्हणून केसर आंब्याची पेटी नेली, तर ती विमानतळावरच ठेवून घेतात.

औषधांच्या बाबतीत डॉक्टरांची चिठ्ठी आणि एका महिन्यापुरताच साठा ठेवावा. सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असेल तर त्या घरीच ठेवलेल्या बऱ्या.

तारखांबद्दल एक इशारा. २९ एप्रिल ते ५ मे हा तिथला ‘गोल्डन वीक’, म्हणजे सगळा जपान सुटीवर असतो, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे परीक्षा संपून सुटी लागते. हॉटेलांचे दर चढतात, गाड्या भरतात. त्याच सुटीत ६ मेनंतर निघालात तर हवा छान असते आणि गर्दीही ओसरते. जूनपासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा आपल्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्यालाही सोसत नाही. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांना क्योतोची लाल पाने हवी असतील तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा.

व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम आणि मुक्कामाचे पत्ते लिहून द्यावे लागतात, म्हणून आधी रद्द करता येणारी हॉटेले घ्यावीत आणि पैसे परत न मिळणारे विमान तिकीट व्हिसानंतरच काढावे. पर्यटकांना आता ई-व्हिसा मिळतो. आपल्याकडे त्याची रंगीत प्रिंट काढून, लॅमिनेट करून नेण्याची पद्धत आहे; ती इथे चालत नाही. विमानतळावर तो इंटरनेट चालू असलेल्या फोनवरच उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ धरत नाहीत. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचा व्हिसा कुणाच्या फोनवर उघडणार हे ठरवून, निघण्याआधी एकदा उघडून पाहावे. जपानमध्ये उतरताच नेट मिळेल असे ई-सिम किंवा रोमिंगही मुंबई सोडण्याआधीच चालू करून घ्यावे.

आपल्या उन्हाळी पर्यटन पुरवणीत जाहिरातींच्या शेजारी एक छोटी चौकट द्यावी, ही विनंती. सहल कंपनीला आगाऊ रक्कम देण्याआधी वाचकाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: हॉटेल किती वेळा बदलणार, परतीचे विमान कोणत्या शहरातून आहे आणि रात्रीचे शाकाहारी जेवण रोज कुठे आहे.

आपला,
एक वाचक, परभणी