गंगेपलीकडच्या (आम्हा नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) रफूवाल्या मावशींना

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावून सांगितलंत, म्हणून नुसतं 'मावशी' लिहिते. पण पत्र मात्र मला चारचौघांत वाचलं जावं असंच लिहायचं आहे. नाशिकमधल्या कितीतरी घरांत जळका, कसर लागलेला गालिचा गुंडाळून माळ्यावर टाकलेला असेल आणि घरच्यांना वाटत असेल की आता याचं काही होत नाही. दोन महिन्यांपूर्वी आम्हीही तेच धरून बसलो होतो.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. बाळंतपणासाठी मी जेल रोडला माहेरी आले. बाळाची आंघोळ झाली की आई निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून धुरी द्यायची. एका सकाळी धुपाटणं उचलताना तिचा हात थरथरला आणि एक निखारा गालिच्यावर पडला. बाळ माझ्या मांडीवर, मला उठता येईना. आईने हातानेच तो उडवला. तोवर केस जळाल्यासारखा वास सुटला होता आणि मरून रंगाच्या फुलाच्या मधोमध काळं भगदाड पडलं होतं.

हा गालिचा बाबांनी 1996 साली काशीला गेले असताना भदोहीहून आणला. आमच्या घरातली हौसेची म्हणावी अशी ती एकच वस्तू. भदोहीच्या हातगाठींच्या गालिच्यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण कापून कपाटात ठेवलं होतं. त्या सकाळी ते एका शब्दाने बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून आईने धुरी बंद केली आणि त्या जागेवर पाट ठेवून दिला. त्या पाटावर कुणी बसायचं नाही, तो हलवायचा नाही.

आम्ही गालिचा एका दुकानात नेला. त्यांनी खालून रेक्झिनचा तुकडा चिकटवला, वरून मरून दोऱ्याचे गुच्छ डकवले. आठवड्यात गुच्छ निघून आले, चिकटवलेलं मात्र सुकून दगड झालं. दुसऱ्या एकाने सल्ला दिला की मधून कापून दोन छोटे करा. बाबा तिथून न बोलता उठले.

मग शेजारच्या काकूंनी तुमचं नाव सांगितलं, त्यांची पैठणी तुम्ही रफू केली होती म्हणून. तुम्ही निमाणीहून सिटीलिंकच्या बसने आलात, पाट बाजूला सरकवलात आणि गालिच्याकडे बघायच्या आधी आईला विचारलंत, "हाताला भाजलं नाही ना?" मावशी, इतक्या दिवसांत आम्ही घरातल्या कुणीच हे विचारलं नव्हतं. आईच्या दोन बोटांवर डाग होता. मी तो तेव्हा पहिल्यांदा पाहिला. या पत्रातले पहिले आभार त्या प्रश्नाचे.

मग तुम्ही कडेची एक लव, म्हणजे वर उभं राहिलेलं सुताचं टोक, उपटून सांडशीत धरून पेटवलीत. विझली, राख बोटांत चुरली. "लोकर आहे. नायलॉन असतं तर वितळून मणी झाला असता." गालिचा उलटा केलात, पुठ्ठ्याला एक इंचाची चौकोनी खिडकी पाडलीत आणि मागून गाठी मोजल्यात. आठ आडव्या, आठ उभ्या. जळालेलं आणि चिकटवलेलं सगळं काढल्यावर चार बाय पाच इंचांचं भोक होणार होतं. म्हणजे 1280 गाठी. तो आकडा ऐकून मी हबकले. तुम्ही म्हणालात, "मोजता येतात ना? मग बांधताही येतील."

आणि लगेच हेही सांगितलंत की मी येवल्याच्या मागावर वाढले, पैठणी विणली, गालिचा कधी विणला नाही. असं स्पष्ट सांगणारा माणूस आम्हाला त्या सगळ्या फेऱ्यांत भेटला नव्हता. तुम्ही दशांजवळची एक गाठ सुईने सावकाश सोडवलीत आणि ती कशी बसली आहे ते पाहिलंत: एका ताण्याभोवती, म्हणजे उभ्या धाग्याभोवती, पूर्ण वेढा, शेजारच्या ताण्याच्या नुसतं मागून, दोन्ही टोकं वर. मग तीच गाठ पुन्हा बांधलीत. सात-आठ वेळा सोडलीत, बांधलीत. बाळाला पाजता पाजता मी बघत होते.

लोकरीचं तर मला आजही नवल वाटतं. मी मेन रोडवरून स्वेटरची लोकर आणून ठेवली होती. तुम्ही ती बोटांत चोळून परत दिलीत; मऊ आहे, पायाखाली चेपून बसेल. काळी कड तुम्ही घरातल्या जुन्या घोंगडीच्या सुताने भरलीत, दोन पदर एकत्र पिळून. मरूनसाठी धनगराकडचं पांढरं सूत येवल्याला भावाकडे रंगवायला पाठवलंत, सोबत नमुन्याला गालिच्याची चिमूटभर लव. रेशीम काय, लोकर काय, दोन्ही प्राण्यापासूनची, एकच रंग दोन्हींना धरतो, हे मला तेव्हा कळलं. दोनदा सूत जास्त लाल आलं म्हणून तुम्ही परत पाठवलंत. तिसऱ्या खेपेला जुळलं. फुलातला पांढरा ठिपका नव्या सुताने उठून दिसेल म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलंत.

मग अकरा दुपारी. पहिल्या तीन तर वाळलेलं चिकट खरवडण्यातच गेल्या. मधला सुती ताणा जळून गेला होता, तो तुम्ही सुईने नव्याने ओढलात, दोन्हीकडे चांगल्या भागात दीड-दीड इंच आत नेऊन. मग गाठींची एक ओळ, दोन बाणे म्हणजे आडवे धागे, आणि घरून आणलेल्या जेवणाच्या काट्याने ती ओळ खाली ठोकायची. ठक ठक ठक. बाळ त्या आवाजाला झोपायला लागलं होतं. शेवटी उंच सोडलेली लव वाकड्या कात्रीने कापत आणलीत, थोडी कापून तळवा फिरवायचा, पुन्हा थोडी. एका दिशेने हात फिरवला की रंग गडद, उलटा फिरवला की फिका. नवा तुकडा जुन्यासारखाच पालटतो की नाही हे तुम्ही डोळे मिटून हाताने बघत होतात.

बाबा सिक्युरिटी प्रेसमधून तपासनीस म्हणून निवृत्त झाले. छापील कागदावरची बारीकशी चूक शोधण्यात त्यांची नोकरी गेली. ते भिंग घेऊन खाली बसले. वरून त्यांना जागा सापडली नाही. उलटा केल्यावर सापडली, कारण नवा ताणा पांढरा आहे. "मागून दिसलंच पाहिजे," तुम्ही म्हणालात, "उद्या कुणी उसवलं तर त्याला कळायला हवं की कुठून दुरुस्त केलंय." बाबांनी भिंग खिशात ठेवलं आणि तुम्हाला हात जोडले.

वरच्या मजल्यावरच्या ताईंच्या गालिच्याचंही तुम्ही जाता जाता बघितलंत. तो यंत्रावरचा, पाठीला रबर लावलेला. तिथे गाठी बांधायला जागाच नसते, हे सांगून तुम्ही त्यांना वेगळा मार्ग दिलात, तो इथे लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. कपाटाखाली दडलेल्या भागातून तुकडा घ्यायचा. खराब जागा आणि तुकडा दोन्ही एकाच पुठ्ठ्याच्या मापाने, पाठीकडून पात्याने कापायचे, म्हणजे लव तुटत नाही. लवेची दिशा आधी खडूने बाणासारखी आखून घ्यायची, कारण तुकडा फिरला तर रंग जुळूनही ठिगळ दिसतं. खालून रुंद चिकटपट्टी, वर रात्रभर वजन. ताईंनी तसं केलं. छान बसलंय.

तुम्ही घेतलेले पैसे फार कमी होते, हे मी तेव्हाही बोलले आणि इथेही लिहिते. तुम्ही रागावलात तरी चालेल.

तुम्ही गेल्यावर आठवडाभराने आईने पाट स्वयंपाकघरात नेऊन टेकवला. धुरी पुन्हा सुरू झाली आहे, आता गॅलरीत, उघड्या फरशीवर. उरलेलं मरून सूत तिने स्टीलच्या डब्यात लवंगा घालून ठेवलंय, कसर लागू नये म्हणून.

आणि तुमचा काटा आमच्याकडेच राहिला आहे. आईने घासूनपुसून ठेवलाय. रविवारी ती स्वतः तो घेऊन पंचवटीत येणार आहे, बाळालाही आणते म्हणते. चारनंतर घरी असा.

तुमची,
जेल रोडची बाळंतीण