क्रंच हवा असेल, तर गेन कमी करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे स्नेहसंमेलनांचे दिवस आले की रॉक वाजवणारी मुले व्यासपीठावर येतात आणि बहुतेक वेळा त्यांची गिटार तिसऱ्या रांगेपलीकडे ऐकूच येत नाही. मी भुसावळला इलेक्ट्रिक गिटार शिकवतो. दोष मुलांच्या हातात नसून अँपच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरच्या) बटणांत आहे, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याने गेन (आवाज फाटका, करकरीत करणारे बटण) ९ वर, बेस (खर्ज) ८ वर आणि मिड (मधले स्वर) थेट शून्यावर ठेवला होता. घरच्या खोलीत तो आवाज भारदस्त वाटे. ड्रम सुरू होताच त्याची नुसती भुणभुण उरली. दोन गाण्यांच्या मध्ये मी गेन ४ वर, बेस ४ वर आणि मिड ७ वर आणला. पुढच्याच पॉवर कॉर्डला (रॉकमधल्या दोन स्वरांच्या जोडीला) प्लेक्ट्रमचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, तारेवरचा आघात स्वच्छ ऐकू आला.

कारण साधे आहे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो, पण त्या पट्ट्यात बेस गिटार आणि किक ड्रम आधीच ठाण मांडून असतात, वरचा भाग झांजा व्यापतात, त्यामुळे गिटारला खरी जागा मिळते ती मध्य पट्टीत, आणि आमची मुले नेमकी तीच कापून टाकतात. शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र स्वर कमी ऐकू येतात (फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले), म्हणून घरी बसून ते वाढवून केलेली जुळवणी मंचावर फसते.

क्रंच म्हणजे ध्वनिलहरींचे शेंडे जरासेच छाटले जाणे. गेन वाढवत नेला की सगळेच शेंडे सपाट होतात आणि हळू व जोरात वाजवण्यातला फरक नाहीसा होतो. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये तयार झालेल्या मार्शल जेटीएम ४५ या अँपला वेगळे गेनचे बटणच नव्हते. व्हॉल्यूम चढवला की व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आपोआप करकरू लागत. एसी/डीसी या रॉक बँडचे माल्कम यंग यांची रिदम गिटार (गाण्याला साथ देणारी गिटार) एवढी दणकट वाटते, तीही कमी गेनवरच.

संयोजकांना आणि साउंडवाल्या बंधूंना एक विनंती. डिस्टॉर्शन पेडलची (आवाज फाटका करणाऱ्या, पायाने दाबायच्या डबीची) वायर कृपया सरळ मिक्सरमध्ये खोचू नये. गिटार अँपचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा कर्कशपणा गाळतो. हा स्पीकर वगळला की कानात माशी शिरल्यासारखे वाटते. अँपसमोर, स्पीकरच्या मध्यबिंदूपासून जरा बाजूला, एक माइक ठेवला तरी काम भागते. आणि कार्यक्रमापूर्वी दहा मिनिटे द्यावीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला गिटार छेडायला सांगून वाजवणाऱ्याला सभागृहाच्या शेवटच्या रांगेत उभे राहून स्वतःचा आवाज ऐकता येईल.

आपला विश्वासू,
एक गिटारशिक्षक, भुसावळ