गुंजवण्याच्या वाटेवरच्या त्या दोघांचे आभार

राजगडाहून चोर दरवाजाने उतरताना पाय सटकला आणि मी उजव्या मनगटावर आपटले. हात वाकडाच दिसत होता. आमच्यातला एकजण तो ओढून सरळ करायला निघालेला! मागून आलेल्या दोघांनी त्याला थांबवलं. सूज चढायच्या आत अंगठी काढायला लावली, कॅरीमॅट (ट्रेकला अंथरायची चटई) दुमडून हाताला आधार बांधला, माझ्याच ओढणीची झोळी केली. मग नख दाबून सोडलं. दोन सेकंदांत गुलाबी झालं, तसं म्हणाले, "रक्त पोचतंय, ताई."

पायथ्याच्या गुंजवणे गावापर्यंत एक पुढे, एक मागे. प्रथमोपचाराचं शिबिर केलंय, एवढंच बोलले. नावं विचारायची राहिलीच. हे डाव्या हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला. दादांनो, मनापासून आभार. तुमची कॅरीमॅट माझ्याकडेच आहे.