रणगाडा खोटा चालेल, जमीन खोटी नको

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’च्या (१९९८) आधीचे युद्धपट म्हणजे इस्त्रीच्या कपड्यातले शिपाई, छातीवर हात ठेवून सावकाश मरणारे, हे तुझं म्हणणं निम्मं मान्य. तसले ढीगभर निघाले. पण ‘किती खरं वाटतं’ ही फूटपट्टी घेऊन तू सगळ्या जुन्या सिनेमांना एका ओळीत नापास केलंस, तिथे मात्र भांडण.

रायनपासूनच सुरुवात करू. अमेरिकन शिपाई नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरतात, त्या पहिल्या पंचवीसेक मिनिटांचं श्रेय तू हलत्या कॅमेऱ्याला देतोस. ते चुकीच्या खात्यावर जमा झालंय. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी. शटर म्हणजे फिल्मसमोर फिरणारी, प्रकाश अडवणारी-सोडणारी चकती; ती नेहमीप्रमाणे १८० अंश उघडी असेल तर एका चौकटीला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो. रायनचा कॅमेरामन कामिन्स्की, त्याने तिथे ९० आणि ४५ अंशांचं शटर वापरलं. ४५ अंशांवर तो वेळ १/१९२ सेकंद होतो आणि प्रकाश चौथ्या हिश्शावर येतो. हालचालीची पुसट रेघच उरत नाही, उडालेल्या वाळूचा कण न् कण सुटा दिसतो आणि पळणारा माणूस तुटक तुटक पळतो. ही युक्ती नंतर प्रत्येकाने उचलली. तरी नकला फसतात, कारण त्यांनी शटर उचललं, पायऱ्या उचलल्या नाहीत. बोटीचं दार, पाण्यातले लोखंडी अडथळे, वाळू, गोट्यांचा बांध, मग चढ, वर बंकर. पुढचा आडोसा कुठला आणि तिथवर किती धावायचं, हे त्या गोंधळातही तुला दर क्षणी ठाऊक असतं. भीती वाटते ती त्या अंतराची. आणि ही कला रायनचा दिग्दर्शक स्पीलबर्ग याने शोधलेली नाही. ती तू नापास केलेल्यांचीच.

जमीन हरवली की काय होतं, त्याचा नमुना ‘बॅटल ऑफ द बल्ज’ (१९६५). त्यातले जर्मन रणगाडे म्हणजे अमेरिकन एम-४७, आणि त्यावरून लोक अजून नाकं मुरडतात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. रायनमधले जर्मन ‘टायगर’ रणगाडेही रशियन टी-३४ च्या सांगाड्यावर पत्रे चढवून केलेले, चाकं पाहिलीस की कळतं. खरा घोटाळा वेगळा आहे. डिसेंबर १९४४ ची ती लढाई बेल्जियमकडच्या आर्देनच्या जंगलातली. अरुंद रस्ते, बर्फ, उडवलेले पूल, एकामागे एक अडकलेली वाहनं आणि संपत आलेलं इंधन, यांनी जर्मनांचं वेळापत्रक मोडलं. सिनेमा चित्रित झाला स्पेनमध्ये आणि शेवटची रणगाड्यांची लढाई चक्क कोरड्या, मोकळ्या माळावर. माळावर रस्ता अडत नाही! मग ती चढाई फसली का, याचं निम्मं उत्तर चित्रातूनच गेलं. उरलं फक्त इंधन, आणि तेवढ्यावर सगळा शेवट टांगलाय.

आता ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७). तू याला ‘कोर्टाचा सिनेमा’ म्हणून बाजूला सारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिल्या महायुद्धातली फ्रेंच फौज, एक फसलेला हल्ला, आणि त्यापायी भित्रेपणाच्या आरोपाखाली उभे केलेले तीन शिपाई. यात जागा दोनच, खंदक आणि सेनाधिकाऱ्यांची हवेली. आधी जनरल मिरो खंदकाची पाहणी करत येतो, कॅमेरा त्याच्या पुढे उलटा सरकत जातो. भिंती दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, जनरल ठरावीक वाक्यं टाकत चालतो, आणि तोफांच्या धक्क्याने भेदरलेला एक शिपाई भेटला की त्याला थोबाडीत ठेवून देतो. पुढे हल्ल्याआधी कर्नल डॅक्स तसाच खंदकातून जातो, पण आता मध्ये मध्ये कॅमेरा त्याच्या डोळ्यांनी बघतो आणि दोन्ही अंगांना उभे असलेले शिपाई थेट आपल्याकडे पाहतात. हालचाल तीच, माणूस बदलला की अर्थ पालटतो. खरे खंदक साधारण चार फुटी. कॅमेऱ्याची गाडी जावी म्हणून दिग्दर्शक क्युब्रिकने सहा फुटी खणले. म्हणजे तुझ्या फूटपट्टीवर इथेच दोन फूट खोटेपणा. पण तो लक्षात येतो का?

मग हल्ला. कॅमेरा आडवा सरकत राहतो, डॅक्स शिट्टी तोंडात धरून पुढे, आणि माणसं चौकटीतून गळत जातात. बहुतेक एक्स्ट्रा जर्मन पोलीस होते. मैदानाचे भाग पाडून कुणी कुठल्या पट्ट्यात पडायचं ते आधी ठरवलं होतं, म्हणून मरण अंतराप्रमाणे वाढत जातं, सगळे एकदम कोसळत नाहीत. यानंतर कोर्ट मार्शल, म्हणजे लष्करी खटला, भरतो तो हवेलीत. चकचकीत चौकटींची फरशी, उंच छत, आणि मधोमध तीन आरोपी. खंदकात माणसाला वळायला जागा नाही, इथे जागाच जागा, पण बोलायची मुभा नाही. ही तुलना कुणी तोंडाने बोलून दाखवत नाही, दोन्ही जागा समोर असतात एवढंच. मुळाशी खरी घटना आहे: मार्च १९१५ मध्ये फ्रान्समधल्या सुएँ इथे चार फ्रेंच कॉर्पोरलना गोळ्या घातल्या गेल्या, ते निर्दोष ठरले १९३४ साली. फ्रान्समध्ये हा सिनेमा पडद्यावर यायला १९७५ उजाडलं.

‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’बद्दल (१९५७) मात्र तुझा राग रास्त आहे. फक्त तो कुठे धरायचा ते सांगतो. इतिहास म्हणून तो कच्चा आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेतला ब्रिटिश कर्नल निकल्सन त्यांच्यासाठी रेल्वेचा पूल बांधतो, ही त्याची गोष्ट. ज्या खऱ्या अधिकाऱ्याच्या जागी निकल्सन उभा केलाय, ते फिलिप टूसी शत्रूला पूल मन लावून बांधून देणारे नव्हते. त्यांची माणसं लाकडात वाळवी सोडत होती. ४१५ किलोमीटरच्या त्या बर्मा-थायलंड रेल्वेवर बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर, मलायातल्या तमिळांसकट. ते मजूर सिनेमात जवळजवळ नाहीतच. नदीचं नावसुद्धा घोटाळ्याचं: पूल मे क्लाँगवर होता, पुढे पर्यटक ‘क्वाय’ विचारत यायला लागले तेव्हा नदीच्या त्या भागाचंच नाव बदललं. चित्रीकरण श्रीलंकेत, आणि पटकथेचं ऑस्कर मूळ कादंबरीकाराला, कारण लिहिणारे दोघे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते.

हे सगळं धरूनही शेवटची पंधरा मिनिटं बघ. पूल उडवायला आलेल्या कमांडोंनी रात्री खांबांना स्फोटकं बांधली, तार पाण्याखालून खालच्या अंगाला नेली, स्फोट घडवणारा दट्ट्या खडकाआड. सकाळी नदीचं पाणी उतरलंय! तार वाळूवर उघडी पडलीय, आणि ती दिसते नेमकी निकल्सनला, पुलाच्या कौतुकात फेरी मारताना. गाडीची शिट्टी लांबून येतेय. दट्ट्यापाशी एक जण, पैलतीरावर दुसरा, वर टेकाडावर उखळी तोफवाला, कोण कुणाला किती वेळात गाठेल याचा हिशेब तू स्वतः करायला लागतोस. संवाद जवळजवळ नाहीत. हा ताण पाण्याच्या पातळीने आणलाय, संगीताने नाही.

‘बॉर्डर’ (१९९७) तुझा लाडका, म्हणून थोडक्यात. १९७१ च्या युद्धातल्या लोंगेवाला चौकीचं घड्याळ त्याने बरोबर पकडलंय: आपली हंटर विमानं रात्री हल्ला करू शकत नाहीत, म्हणजे उजाडेपर्यंत तग धरायचा. पण रणगाडे वाळूत रुतले, ही निम्मी लढाई तो आरोळ्यांत बुडवतो. प्रत्यक्षात त्या चौकीवर आपले दोन जवान कामी आले. पडद्यावर त्याहून पुष्कळ.

‘दास बोट’ (१९८१), जर्मन पाणबुडीवरचा, तू अजून पाहिला नाहीस म्हणतोस. बघ, पण २०९ मिनिटांची प्रत आणि मूळ जर्मन आवाज घे. डबिंगमध्ये श्वास आणि कुजबुज जाते, आणि निम्मा सिनेमा त्यावरच उभा आहे. बुडी मारायचा हुकूम सुटला की सगळे पुढच्या टोकाकडे का धावतात ते लक्षात ठेव: नाक जड झालं की पाणबुडी लवकर खाली जाते. कॅमेरामन वाकानो हातातला कॅमेरा घेऊन, डोक्याला हेल्मेट बांधून, त्यांच्यामागे गोल दारांतून धावलाय. तीन-चार वेळा ती धाव पाहिलीस की बोट तुला पाठ होते. मग पाणी शिरल्यावर ते कुठल्या भागात शिरलंय हे कुणी सांगावं लागत नाही.

बघताना दोन गोष्टी सांभाळ. टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते, ती बंद कर. ती मधल्या चौकटी स्वतः बनवून घालते आणि कामिन्स्कीची सगळी मेहनत मातीत जाते. दुसरं, जुन्या चौकोनी पडद्यासाठी कापलेली प्रत घेऊ नकोस. क्वायची चौकट २.५५ ला १ आहे, ती १.३३ मध्ये बसवली की जवळजवळ निम्मं चित्र जातं. मग दट्ट्या आणि पूल एका चौकटीत दिसणार कसे?

आणि एक प्रयोग. लढाईचा कुठलाही प्रसंग घे, आवाज बंद करून दहा मिनिटं बघ. थांबव आणि कागदावर काढ: आपले कुठे, शत्रू कुठे, मध्ये किती अंतर, पळायची वाट कुठली. जमलं नाही तर एकदा मागे नेऊन पुन्हा बघ. तरीही जमलं नाही तर दोष तुझा नाही. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’चा हल्ला आणि तुझ्या यादीतले पहिले तीन नवे सिनेमे, चारही कागद मला पाठव. पेन्सिलीनेच काढ, खोडावं लागेल.

तुझाच