कबड्डीचा प्रशिक्षक वीस दिवसांचा पाहुणा का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विभागीय स्पर्धा तोंडावर आल्या की सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत कबड्डी प्रशिक्षकाची शोधाशोध सुरू होते. जवळच्या मंडळातला एखादा जुना चढाईपटू पंधरा-वीस दिवसांसाठी बोलावतात, मानधन हातावर ठेवतात आणि संघ हरला की पुढच्या साली दुसरा. कायम असतो तो शारीरिक शिक्षण संचालक. त्याच्याकडे कबड्डी, खो-खो, कुस्ती, मैदानी खेळ, शिवाय पात्रतेचे अर्ज, प्रवासाची बिलं आणि 'नॅक'च्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फायली. पतियाळाहून एनआयएसची (राष्ट्रीय क्रीडा संस्थेची) पदविका घेऊन आलेल्या तरुणाला इथं खुर्ची कुठली? तो अकादमी काढतो, नाहीतर पोलीस भरतीच्या पोरांना पळवतो.

छोट्या कॉलेजात प्रशिक्षकाची उभी हयात कशी जाऊ शकते, याचं उदाहरण अमेरिकन फुटबॉलमध्ये आहे. खेळ परका, पण धरपकडीचा, म्हणून कबड्डीवाल्यांना कळण्याजोगा. तिथले प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी. त्यांच्या शाळेचा प्रशिक्षक 1943 मध्ये युद्धावर गेला आणि सोळा वर्षांच्या या खेळाडूनंच संघ सांभाळला. 1949 ते 1952 मोंटानातलं कॅरोल कॉलेज, 1953 पासून मिनेसोटातलं सेंट जॉन्स. तिथून 2012 मध्ये, 86व्या वर्षी निवृत्त. सुरुवातीला बर्फावरच्या हॉकीचा संघही त्यांच्याच गळ्यात होता. आपल्या संचालकांचे भाऊबंदच म्हणायचे. 64 हंगाम, 489 विजय, चार राष्ट्रीय विजेतेपदं. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय दुसऱ्या कुणाच्या नावावर नाहीत. सेंट जॉन्स अमेरिकी कॉलेज-खेळांच्या ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळतं, तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच मनाई आहे.

त्यांच्या सरावात शिट्टी नव्हती, एकमेकांना पाडणं नव्हतं आणि दीडेक तासात सुट्टी होई. पोरं सामन्याला धडधाकट पोचावीत, एवढाच त्यामागचा हिशेब.

आपल्याकडे संघ वीस दिवसांत उभा करायचा असतो, म्हणून पहिल्याच संध्याकाळी पूर्ण ताकदीच्या पकडी. चौथ्या-पाचव्या दिवशी कोपरारक्षकाचं (कोपऱ्यातल्या बचावपटूचं) बोट सुजतं, चढाईपटूचा घोटा मुरगळतो, आणि स्पर्धेला ठरवलेले सातजण उतरतच नाहीत. त्यात माती-मॅटचा घोळ. पोरं मातीवर अनवाणी घडलेली. तिथं पाय सरकतो आणि अंगाबरोबर वळतो. मॅटवर बूट घट्ट धरतो. पकडीतून सुटताना धड फिरतं, पाऊल तिथंच राहतं आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटतो. शस्त्रक्रिया झाली की नऊ महिने ते वर्ष गेलं. बूट घालून थांबणं, वळणं, मागं सरणं याची सवय निदान सहा आठवडे आधीपासून लावावी लागते. आदल्या दिवशी नवे बूट वाटणं म्हणजे दुखापत हातानं वाटणं.

आठवड्याला सहा दिवस सराव धरला, तर पूर्ण ताकदीची पकड दोनच दिवस पुरे, तीही प्रत्येक चढाईपटूवर आठ-दहाच. बाकीचे चार दिवस चालत्या वेगात. चढाईपटू निदानरेषेच्या (चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा, पुरुषांत मध्यरेषेपासून 3.75 मीटर) आत आला की कोपऱ्यानं कधी निघायचं, साखळीनं (हात धरून उभ्या बचावपटूंनी) कुठून दाबायचं, बोनस (बोनसरेषा ओलांडून मिळणारा जादा गुण) घेताना त्याचा मागचा पाय हवेत असतो तो क्षण कुणी साधायचा. कोपरा घोट्यावर एकटाच जातो, साखळी अर्धा सेकंद मागून येते, आणि हातातली पकड सुटते. हा वेळेचा दोष. वेळ बसवायला अंग आपटावं लागत नाही. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरल्यावर अव्वल पकडीला दोन गुण असतात, तेव्हाची रचना तर निराळी घोटून घ्यावी लागते. वीस दिवसांच्या पाहुण्याला तिथपर्यंत पोचायला फुरसत मिळत नाही.

एका कॉलेजाला पूर्ण पगाराचा प्रशिक्षक परवडत नाही, हे मान्य. पण वाळवा, तासगाव, कराड अशा तालुक्यांत तीन-चार कॉलेजांनी मिळून एक एनआयएस प्रशिक्षक जून ते मार्च ठेवावा, करार तीन वर्षांचा करावा. सकाळी एक मैदान, संध्याकाळी दुसरं. वर्षाअखेर ढालींबरोबर आणखी दोन आकडे मागावेत: पहिल्या वर्षाला आलेले किती खेळाडू शेवटच्या वर्षापर्यंत संघात टिकले आणि दुखापतीत सरावाचे किती आठवडे गेले. शिवाजी विद्यापीठाच्या क्रीडा विभागानं यासाठी एक पानी नमुना काढला तरी पुरे.

हीच कॉलेजं विभागीय स्पर्धेत समोरासमोर आली तर काय, असं कुणी विचारेल. त्या दिवशी बाकावर आपापले संचालक बसतील, प्रशिक्षक प्रेक्षकांत.

आपले,
काही कबड्डी मार्गदर्शक, सांगली-मिरज