रविवारी फोन का उचलला नाही

प्रिय आई-बाबा,

रविवारी दिवसभर फोन लागला नाही म्हणून आई तू चिडलीस ते बरोबरच आहे, पण फोन सॅकमध्ये, सॅक झाडाला अडकवलेली आणि मी खाली चिखलात. जंगलातल्या पायवाटा दुरुस्त करणाऱ्या ग्रुपबद्दल मागे बोलले होते ना, त्यांच्याबरोबर होते. बाबा आता हसतील, जिला घरी कुंडीतली माती बदलायचा कंटाळा ती फुकटात कुदळ मारतेय.

मला वाटलेलं झाडंबिडं लावायची असतील. छे! सकाळचे दोन तास नुसते चर उपसले. वाटेच्या कडेचे चर पानांनी आणि गाळाने बुजले की पाणी वाटेवरूनच धावतं, माती घेऊन जातं, मुळं उघडी पडतात, मग चिखल नको म्हणून लोक बाजूने चालतात, तिथली रोपं तुडवली जातात, तिथेही चिखल होतो, की अजून थोडं बाजूने... असं करत एका माणसाची वाट गाडी जाईल एवढी रुंद होते, आणि शिव्या मात्र पावसाला.

बाबा, तुम्ही गच्चीवर बादली ओतून उतार बघायचात ते आठवलं. इथेही तेच, वाट दरीच्या बाजूला जरा कलती ठेवायची, मीटरला साधारण 5 सेंटीमीटर, म्हणजे पाणी वाटेवर रेंगाळत नाही. चढावर तर पाणी कडेला वळवायला वाटेत आडवा ओंडका पुरतात, पण तोही तिरका, साधारण 45 अंशात. सरळ आडवा टाकला तर मागे गाळ साचतो आणि पाणी वरून उडी मारून परत वाटेवर.

दुपारनंतर पायऱ्या. खालून सुरुवात करून वर जायचं. ओंडका बसवायचा, पुढून दोन खुंट्या घणाने ठोकायच्या, त्यांची डोकी ओंडक्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली राहतील अशी कापायची (नाहीतर ठेच), मागे खडी थराथराने टाकून ठोकून घट्ट बसवायची. उंची 15 ते 18 सेंटीमीटर, पाऊल टेकायला निदान 30. माझी पहिलीच पायरी 22 ची झाली. सगळी खडी ठोकून झाल्यावर आमच्या लीडर काकांनी टेप लावला आणि शांतपणे म्हणाले, काढा. चार सेंटीमीटरसाठी! असला राग आला ना, पण मग त्यांनी शेजारची जुनी उंच पायरी दाखवली, तिच्या दोन्ही कडांना उतारावर पायांनी खोबण पडलेली, लोक पायरी सोडून तिथून चढतात, आणि पावसात पाणी त्याच खोबणीतून येऊन पायरीखालची माती पोखरतं. आई, तू उंच पायरी दिसली की कडेकडेने जातेस आणि मी दरवेळी ओरडते, नीट चाल म्हणून. सॉरी. सगळेच तसं करतात, चूक पायरीची असते. मग गप काढली आणि परत बसवली, 17 ची.

आणि हो, काळजी नको, हातमोजे होते, दोघांत भरपूर अंतर ठेवायचं, चालताना हत्यार उताराच्या बाजूच्या हातात, म्हणजे पाय घसरला तर ते लांब फेकता येतं. फांद्या थोड्याच छाटल्या, पक्ष्यांच्या विणीच्या दिवसात तर ते कामच घेत नाहीत. छाटलेलं तिथेच ढीग करून ठेवतात किड्यांसाठी, मला आधी तो कचराच वाटला होता.

सात जणांनी दिवसभरात किती पायऱ्या केल्या असतील? नऊ. हाताला फोड आलेत, हे पण एका बोटाने टाईप करतेय. पुढच्या महिन्यात परत जाणारे. बाबा, तुमची ती जुनी पहार अजून आहे ना जिन्याखाली? कुणाला देऊन टाकू नका.

तुमची,
लेक