झाकण लावले तरी जागाच राहणारा लॅपटॉप

संपादक महोदय,

झाकण लावून पिशवीत ठेवलेला लॅपटॉप तासाभराने बाहेर काढावा तर तो गरम झालेला असतो आणि बॅटरी बरीच उतरलेली असते, अशी तक्रार घेऊन आमच्या संगणक वर्गात विद्यार्थी आणि पालक वरचेवर येतात. झाकण लावल्यावर लॅपटॉप ‘स्लीप’मध्ये जावा ही सेटिंग त्यांनी व्यवस्थित निवडलेली असते आणि पूर्वी ती चालतही असते. दुरुस्तीच्या दुकानात मात्र अनेकांना एकच उत्तर मिळते, ते म्हणजे बॅटरी गेली, नवी टाका. बॅटरी खरोखर गेली आहे की नाही हे तपासण्याची सोय विंडोजमध्येच असताना ती न वापरता ग्राहकाला खर्चात पाडणे अन्यायाचे आहे, म्हणून हे पत्र.

मुळात ‘स्लीप’चा अर्थच गेल्या काही वर्षांत बदलला, आणि ग्राहकाला तो कोणी सांगितला नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये ‘एस-३’ नावाची अवस्था असे. तीत प्रोसेसर बंद होई आणि फक्त मेमरीला जेमतेम वीज मिळत राही. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मध्ये ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणि पुढे विंडोज १० मध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ आले. यात पडदा काळा होतो, पण यंत्र मोबाइलप्रमाणे थोड्या विजेवर जागेच असते, काही वेळा नेटशी जोडलेलेही राहते. एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम) किंवा दुसरा प्रोग्राम मध्येच काम काढत राहिला, तर ते खऱ्या विश्रांतीपर्यंत पोहोचतच नाही. अशा यंत्रांवर ‘हाय परफॉर्मन्स’सारखे वीजवापराचे जुने पर्यायही बहुधा दिसत नाहीत, केवळ ‘बॅलन्स्ड’ उरतो. त्यामुळे सेटिंग बिघडली असा समज होतो.

तपासणी अवघड नाही. ‘कमांड प्रॉम्प्ट’ हा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ (powercfg) टाइप करावे, एक जागा सोडून तिरपी रेघ (/) द्यावी आणि तिला लागून हवा तो शब्द लिहावा. नुसते ‘ए’ लिहिले की यंत्रात कोणत्या प्रकारची झोप उपलब्ध आहे ते कळते. ‘स्लीपस्टडी’ (sleepstudy) लिहिले की झाकण बंद असताना वीज कोणी खाल्ली याचा अहवाल तयार होतो. हात न लावता ठेवलेला लॅपटॉप ठरल्या वेळी आपोआप झोपत नसेल, तर ‘रिक्वेस्ट्स’ (requests) लिहावे, म्हणजे झोप कोण अडवते आहे ते दिसते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर ‘सिस्टीम’ या मथळ्याखाली ध्वनीच्या ड्रायव्हरचे नाव आणि त्याखाली ऑडिओ वापरात असल्याची ओळ आली. ब्राउझरमध्ये मागे चालू राहिलेला व्याख्यानाचा टॅब बंद करताच ती ओळ गेली आणि सेटिंग पूर्ववत चालू लागली. तिला मात्र दुकानाने नव्या बॅटरीचा खर्च आधीच लिहून दिला होता.

बॅटरीची शंका असेलच, तर त्याच रीतीने ‘बॅटरीरिपोर्ट’ (batteryreport) लिहावे. तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण चार्ज झाल्यावर भरणारी क्षमता या दोन्ही असतात. या दोन आकड्यांतली तफावत पाहून कोणालाही निर्णय घेता येतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ‘फास्ट स्टार्टअप’ ही विंडोज झटपट सुरू करण्याची सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. तिचा गाभा ड्रायव्हरांसह डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत आणला जातो. रोज रात्री लॅपटॉप बंद करूनही अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो, तो यामुळे. अशा वेळी ‘रीस्टार्ट’ करावे. झाकणाची सेटिंग बॅटरीसाठी वेगळी आणि चार्जरसाठी वेगळी असते, हेही पाहावे. प्रवासाला निघताना झाकणासाठी ‘स्लीप’ऐवजी ‘हायबरनेट’ (चालू काम डिस्कवर जपून यंत्र बंद करणे) निवडणे मला सर्वांत खात्रीचे वाटते. सुरू व्हायला थोडा अधिक वेळ लागतो, पण पिशवीत यंत्र तापत नाही. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर सेटिंग बदलताच येत नसेल, तर ती वरून बांधलेली असण्याची शक्यता मोठी. तिथे स्वतः खटपट न करता संगणक विभागाला विचारावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. त्याला धरून दोन मागण्या कराव्याशा वाटतात. लॅपटॉपमध्ये जुनी ‘एस-३’ झोप आहे की ‘मॉडर्न स्टँडबाय’, हे विक्रेत्यांनी मेमरी आणि डिस्कच्या आकड्यांशेजारी स्पष्ट छापावे. आणि बॅटरी बदलायला सांगणाऱ्या प्रत्येक दुरुस्ती केंद्राने बॅटरीचा अहवाल छापून ग्राहकाच्या हाती द्यावा, मगच पैसे मागावेत. ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घ्यावा, ही विनंती.

– एक संगणक प्रशिक्षक, सातारा